मीठ ठेवलं का, की मी ठेवलं का?

आमची आत्या खालच्या मजल्यावर राहते. इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर, जिना एकदम उभा, तिचे गुडघे गेलेले पण जीभ शाबूत, त्यामुळे वरच्या मजल्याचा सगळा कारभार ती खालून फोनवर चालवते. टाइप करायचा कंटाळा म्हणून माइकचं बटण दाबते, बोलते, आणि फोन ते लिहून मला पाठवतो. मागच्या महिन्यात पुण्याचे पाहुणे वर जेवायला बसणार होते तेव्हा तिचा मेसेज आला, "मी ठेवलं का टेबलावर".

आता हिने काय ठेवलं, आणि ही टेबलापर्यंत पोचली कधी? मला वाटलं बीपीची गोळी शोधून राहिली असेल. हातातलं पातेलं तसंच ठेवून खाली धावलो, गोळ्यांचा डबा दाखवला, चष्मा दाखवला, तर ती माझ्याकडेच बघत बसली. "अरे मीठ! मीठ ठेवलं का टेबलावर, एवढं साधं विचारलं मी."

हसून झालं, जेवणं झाली, पण ते डोक्यात राहिलं. तुम्हीही करून बघा, दोन्ही वाक्यं नेहमीच्या स्पीडने म्हणा, मीठ ठेवलं का, मी ठेवलं का. फरक आहे, तो ऐकू पण येतो, पण नेमका कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येत नाही. मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, भाषाशास्त्र शिकलेलो नाही आणि कॉम्प्युटरशी संबंध एंट्री मारण्यापुरता, पण वेळ भरपूर आहे आणि भाची इंजिनिअरिंगला आहे. तिने लॅपटॉपवर प्राट नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, हे फुकट मिळतं, अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलंय आणि जगभरचे आवाजाचे अभ्यासक हेच वापरतात. त्यात मी दोन्ही वाक्यं बोललो आणि आवाजाचं चित्र बघितलं.

पहिला धक्का हा की शब्दांच्या मध्ये जागाच नाही. मला वाटायचं एक शब्द, मग छोटी गॅप, मग दुसरा शब्द, असं दिसेल. तसं काहीच नाही, सगळं एकात एक वाहत गेलेलं. ज्यांनी मोडी बघितली असेल त्यांना लगेच कळेल, आमच्या आजोबांच्या ट्रंकेत होळकरांच्या काळातले मोडी कागद होते, वर एक आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग हात न उचलता लिहीत जायचं, शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने बघून घ्यावं. बोलणं हे तसंच मोडी आहे. जागा सोडून लिहिलेलं बाळबोध फक्त कागदावर असतं, तोंडातून कधीच निघत नाही.

दुसरं म्हणजे त्या चित्रात गॅप होती, पण ती शब्दाच्या मध्ये नव्हती, ठ च्या आधी होती. ठ म्हणताना जीभ टाळूला चिकटते, हवा अडते, तेवढा वेळ आवाज बंद, आणि मग हवा एकदम सुटते. "मी ठेवलं" मध्ये ही शांतता छोटी, "मीठ ठेवलं" मध्ये पहिला ठ सुटतच नाही, जीभ तिथेच चिकटून राहते आणि दुसऱ्या ठ ला सोबतच सुटते, म्हणून शांतता माझ्या आवाजात जवळजवळ दुप्पट लांब आली. म्हणजे घरात मीठ आहे की नाही हे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या शांततेवर ठरतंय. आवाज नाहीच, आवाजाचा अभाव! आणि आपण तो रोज न चुकता ऐकतो.

यात आपल्या लोकांना एक फायदा आहे जो आपण विसरलोय. क ख ग घ हे आपण शाळेत घोकलं पण ते एक प्रकारे तोंडाचा नकाशा आहे हे मला साठीनंतर कळलं. क पासून सुरुवात करा, जिभेचा मागचा भाग घशाजवळ लागतो, मग च ला टाळू, ट ला जीभ वळून वर, त ला दातांच्या मागे, प ला ओठ. घशापासून ओठापर्यंत क्रमाने बाहेर येत गेलं. आणि प्रत्येक ओळीत, जसं प-फ-ब-भ-म, आधी साधा, मग हवा फेकून, मग गळ्याची थरथर लावून, मग दोन्ही, मग नाकातून. तोंडासमोर हात धरा आणि प म्हणा, मग फळातला फ म्हणा, हाताला हवा लागते. गळ्यावर बोटं ठेवून प आणि ब म्हणा, थरथर कळते. इंग्रजीची एबीसीडी कशाच्या क्रमाने आहे ते देवाला माहीत, आपली मात्र उच्चाराच्या जागेने लावलेली आहे, आणि आपल्याकडे शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र हे वेदांगच होतं. उच्चारांचे अभ्यासक आज जे कोष्टक वापरतात त्याची मांडणी याच तत्त्वावर आहे.

आता स्वर. स्वरांत काही अडत नाही, हवा मोकळी वाहते, मग आ आणि ई वेगळे कशाने होतात? गळ्यातल्या पट्ट्या थरथरतात, पुरुषाच्या साधारण सेकंदाला १०० ते १२० वेळा, बाईच्या २०० च्या आसपास, लहान पोराच्या त्याहून जास्त. पण आत्याने म्हटलेला आ आणि मी म्हटलेला आ, दोन्ही आ च वाटतात, म्हणजे थरथर कितीची आहे त्याने आ ठरत नाही. ठरतो तो वरच्या पोकळीने. नर्मदेचा नळ आला की कळशी भरायला लावा आणि न बघता ऐका, कळशी भरत जाते तसा आवाज वर चढतो, म्हणूनच स्वयंपाकघरातून बायका ओरडतात "भरली बघ". पाणी तेच, धार तीच, फक्त आतली रिकामी जागा बदलली आणि आवाज बदलला. तोंड ही अशीच कळशी आहे, फक्त ती जिभेने आणि ओठांनी क्षणाक्षणाला आकार बदलते. गळा एक आवाज देतो आणि पोकळी त्यातला काही भाग उचलून धरते, काही दाबते. गुनार फांट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९६० साली हे गणितात बसवून दाखवलं आणि आजही बोलण्याचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

आता कान. कानाच्या आत शंखासारखा गुंडाळलेला एक भाग असतो, त्यात एक पडदा, आणि त्या पडद्याच्या तोंडाकडच्या टोकाला बारीक उंच आवाज हलवतो तर आतल्या टोकाला जाड आवाज हलवतो, म्हणजे पेटीच्या पट्ट्या गुंडाळून ठेवल्यासारखं. हे शोधणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशीला १९६१ चं नोबेल मिळालं. मेंदूकडे खबर पोचवणाऱ्या मुख्य पेशी एका कानात फक्त साडेतीन हजारांच्या आसपास. साडेतीन हजार! फोनच्या कॅमेऱ्यात कोटींनी ठिपके असतात आणि इथे एवढ्यात भीमसेन पण ऐकायचे आणि भाजीवाल्याची आरोळी पण.

मग एवढ्याशा सामानात होतं कसं? तर बरंचसं काम कान करतच नाही, मेंदू अंदाज बांधतो. मला या सगळ्या वाचनातून एकच गोष्ट सगळ्यात जास्त पटली असेल तर ही. आपण ऐकतो कमी आणि ओळखतो जास्त.

१९७० मध्ये रिचर्ड वॉरन नावाच्या माणसाने एक गंमत केली, रेकॉर्ड केलेल्या वाक्यातला एक आवाज कापून टाकला आणि तिथे खोकला चिकटवला. लोकांना ऐकवलं तर त्यांना पूर्ण शब्द ऐकू आला, वर खोकला नेमका कुठे होता ते पण सांगता येईना. जो आवाज नव्हताच तो मेंदूने भरला. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी अजून पुढचं केलं, व्हिडिओत ओठ "गा" म्हणताना दाखवले आणि आवाज "बा" चा लावला, बघणाऱ्यांपैकी पुष्कळांना ऐकू आलं "दा". डोळे मिटले की बा, उघडले की दा. आत्या टीव्ही बघताना चष्मा नसला तर म्हणते "आवाज नीट येत नाही", आम्ही सगळे हसायचो. आता नाही हसत.

सराफ्यात, म्हणजे आपल्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री ११ ला कधी गेला असाल तर हे समजायला वेगळ्या लॅबची गरज नाही. इकडे गराडू तळून राहिले, तिकडे भुट्ट्याचा कीस, बाजूला कुणी "हटो भिया" करत गाडी घुसवतोय, चार टेबलांवर चार भाषा, आणि त्यात तुमच्या मागे पाच फुटांवर कुणी तुमचं नाव घेतलं की मान वळते. कॉलिन चेरी याने १९५३ मध्ये यावर प्रयोग केले, दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडली आणि एकच लक्ष देऊन ऐकायला लावलं, लोकांना एक नीट ऐकू यायचं आणि दुसऱ्या कानात काय चाललंय याचा पत्ता नसायचा, आवाज बाईचा झाला की पुरुषाचा एवढं फक्त कळायचं. बोलणं ऐकून लिहिणाऱ्या मशीनसाठी सराफा आजही कठीण पेपर आहे. एक माणूस, शांत खोली, चांगला माइक म्हटलं की ते पास, चार माणसं एकदम बोलायला लागली की गडबड.

आणि आपण एकमेकांचं बोलणं पूर्ण व्हायची वाटही बघत नाही. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या गप्पा मोजून पाहिल्या, डॅनिश, जपानी, इटालियन, आणि काही अगदी छोट्या भाषा, प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ सगळ्या भाषा मिळून सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघाला, कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त. पण एखादा शब्द डोक्यातून शोधून जिभेवर आणायलाच साधारण अर्धा सेकंद किंवा जास्त लागतो. हिशोब जुळत नाही ना? जुळतो, कारण समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार ते ओळखून आपलं उत्तर तयार करत असतो. आमच्या घरात तर ते संपायच्या आधीच सुरू होतं, पण ते वेगळं. फोनमधल्या त्या बोलणाऱ्या बाईशी गप्पा कृत्रिम का वाटतात त्याचं एक मोठं कारण हेच, ती आपण गप्प झालो याची खात्री करून घेते, मग विचार करते, मग बोलते, आणि तेवढ्यात आपल्याला वाटतं की फोन बंद पडला.

आता हे अंदाज बांधणं येतं कुठून? बाळांकडे बघावं लागतं. इथे आपल्या भाषांचा एक मजेदार संबंध आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. आपल्याला यात काय कठीण, "ताट" या एका शब्दात दोन्ही आहेत, पण मोठ्या इंग्रजी माणसाला हे दोन्ही एकच वाटतात. बाळ सांगणार कसं, तर आवाज बदलला की बाजूला खेळणं नाचायचं, म्हणून बाळाला फरक कळला तर ते आधीच मान वळवायचं. सहा महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची झाली तोवर बहुतेकांचा गेला. कान खराब झाले नाहीत, मेंदूने ठरवलं की आपल्या घरात याचा उपयोग नाही, लक्ष देऊ नये. म्हणजे भाषा शिकणं हे जितकं मिळवणं आहे तितकंच सोडून देणं पण आहे.

आणि बोलण्याच्या या मोडीत शब्द कुठे संपला ते बाळाला कसं सापडतं, त्यावर १९९६ चा सॅफ्रन, अ‍ॅस्लिन आणि न्यूपोर्ट यांचा प्रयोग. आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं एक खोटी भाषा ऐकवली, अर्थ नाही, थांबा नाही, चढउतार नाही, नुसती अक्षरांची माळ. त्यात काही अक्षरं कायम एकामागून एक यायची, काही कधीतरी. दोन मिनिटांत बाळांना कुठली अक्षरं एकत्र येतात ते कळलं होतं. आपल्याकडचं उदाहरण घ्या, "बा" नंतर "ळा" पुष्कळदा येतं, बाळा बाळा करत सगळं घर मागे असतं, पण "ळा" नंतर काय येईल ते काही सांगता येत नाही, बाळा ये, बाळा खा, बाळा नको. जिथे पुढचं सांगता येत नाही तिथे शब्द संपला असणार. पाळण्यातलं पोर असा हिशोब मांडतं आणि आपण त्याला म्हणतो "काही कळत नाही अजून त्याला".

अजून एक सांगतो आणि मग मशीनकडे येतो. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली, खेळली, पुस्तकं दाखवली, बारा वेळा. बाळं चिनीतले आवाज ओळखायला लागली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं, पण टीव्हीवर दाखवलं. टीव्हीवाल्या गटात काहीच शिकणं दिसलं नाही. शून्य. जेवताना पोरासमोर मोबाइल लावून "भाषा शिकतो तो" म्हणणाऱ्या आमच्या सुनेला मी हे वाचून दाखवलं, दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

तर मशीन. सुरुवात फार जुनी आहे, १९५२ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जने ऑड्री नावाचं कपाटाएवढं यंत्र केलं, ते शून्य ते नऊ आकडे ओळखायचं, प्रत्येक आकड्यानंतर थांबावं लागायचं आणि ज्याच्या आवाजाला सेट केलंय त्यानेच बोललं तर ठीक चालायचं. दहा वर्षांनी आयबीएमचं शूबॉक्स आलं, १६ शब्द. १९७६ पर्यंत कार्नेगी मेलन विद्यापीठाचं हार्पी १,०११ शब्दांवर पोचलं. त्या काळात दोन विचार होते. एक म्हणायचा मशीनला आपल्यासारखं व्याकरण, उच्चार, अर्थ सगळं शिकवू. दुसरा म्हणायचा शिकवायचं काही नाही, भरपूर ऐकवा आणि कुठल्या आवाजानंतर कुठला येण्याचा चान्स किती ते मोजू द्या. दुसरा जिंकला. म्हणजे त्या पाळण्यातल्या पोरासारखाच हिशोब, फक्त पोराला दोन मिनिटं पुरतात.

आजचं मशीन साधारण असं करतं. तुमचा आवाज सेकंदाला १६,००० वेळा मोजतं. मग त्याचे सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्श्याइतके बारीक तुकडे करतं, एकमेकांवर थोडे चढलेले, घराच्या कौलांसारखे. प्रत्येक तुकड्यात जाड आवाज किती, बारीक किती, हे कानाच्या पट्ट्यांसारखं वेगळं काढतं. हे झालं चित्र. मग ते चित्र एका प्रचंड गणिती जाळ्यात जातं, ज्यात कोट्यवधी छोटे-छोटे स्क्रू आहेत असं समजा, आधी हजारो तास आवाज आणि त्याचं लिहिलेलं दोन्ही दाखवून, चुकलं की स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे, असं पिळून ते लावलेलं असतं. बाहेर पडतं ते "हे अक्षर असण्याची शक्यता इतकी, ते असण्याची इतकी". आणि शेवटी भाषेचा अंदाज त्यावर बसतो, म्हणजे आवाज अर्धवट असला तरी आधीचे शब्द बघून पुढे काय बसेल ते.

आत्याचं मीठ इथेच सांडलं. शांतता छोटी की लांब हे फोनला नक्की कळलं नसणार, आत्याच्या खोलीत पंखा फुल स्पीडवर, मग त्याने आधी शिकलेल्या लेखी मराठीचा आधार घेतला, आणि "मी" हा शब्द "मीठ" पेक्षा कितीतरी जास्त वेळा येतो. फोनऐवजी मी स्वतः तिचं बोलणं ऐकत असतो तर मी पण चुकलो असतो का? नाही, कारण मला माहीत होतं की वर पाहुणे जेवायला बसतायत. फोनला पाहुणे माहीत नव्हते. ऐकणं म्हणजे नुसता आवाज नाही, घरात काय चाललंय ते माहीत असणं पण आहे.

या अंदाजाची दुसरी बाजू भीतीदायक आहे. ओपनएआय कंपनीचं व्हिस्पर नावाचं, बोलणं ऐकून लिहिणारं मॉडेल २०२२ मध्ये आलं, त्याला ६,८०,००० तासांचा आवाज ऐकवलाय. दिवसरात्र न झोपता ऐकायचं म्हटलं तर ७७ वर्षं होतात. चार वर्षांचं पोर जन्मापासून जागेपणी सगळा वेळ बोलणंच ऐकत होतं असं धरलं तरी वीस हजार तास होत नाहीत, आणि ते पोर मराठीत भांडतं. बरं, एवढं ऐकूनही हे मॉडेल कधीकधी जे कुणी बोललंच नाही ते लिहितं. २०२४ मध्ये यावर संशोधन आलं, साधारण शंभरात एका क्लिपमध्ये पूर्णच्या पूर्ण वाक्यं मनाची घातलेली सापडली, आणि जे लोक पक्षाघाताच्या झटक्यानंतर अडखळत बोलतात, मध्ये लांब थांबतात, त्यांच्या बाबतीत हे जास्त झालं. शांतता आली की मशीनला ती भरावीशी वाटते. वॉरनच्या खोकल्याची गोष्ट आठवा, आपणही भरतोच, पण आपण एक आवाज भरतो, हे पूर्ण वाक्य ठोकून देतं. डॉक्टर असं मशीन लावून पेशंटचं बोलणं लिहून घ्यायला लागले तर काय, ते तुम्हीच बघा.

आता आपल्या इंदूरचं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, त्यातले मध्य प्रदेशात १२ लाखांच्या आसपास. आपण घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि उंबरठ्यावर दोन्ही. आत्याचं एक वाक्य जसंच्या तसं देतो, "अरे ती सब्जीवाली येऊन राहिली, थैली दे जल्दी, आणि तिला म्हण धनिया फ्री देत असेल तरच घेऊ." पुण्याच्या पाहुण्यांना यात सहा चुका दिसल्या. मला एकही नाही, आमच्या घरात तीन पिढ्या असंच बोलतात. फोनला मात्र घाम फुटतो, कारण त्याला सेटिंगमध्ये एक भाषा निवडून दिलेली असते, मराठी निवडली तर "सब्जीवाली" चं काहीतरी भलतंच होतं, हिंदी निवडली तर "येऊन राहिली" ची वाट लागते. एका वाक्यात दोन भाषा हे मशीनवाल्यांच्या जगात वेगळं मोठं प्रकरण आहे, त्यावर वेगळे संशोधक काम करतात, आणि आपण ते सकाळी पोहे खाताना करतो.

उच्चाराचंही तसंच. चमच्यातला च आणि चिमट्यातला च वेगळा, लिहायला एकच. जग म्हणजे दुनिया, त्यातला ज वेगळा, आणि "शंभर वर्षं जग" म्हणताना तोच ज वेगळा. हिंदीत हा चमच्यातला च नाहीच. इथल्या पोरांचा च दिवसेंदिवस चिमट्याकडे सरकतोय, आमचा नातू चमचा असा म्हणतो की कानाला हिंदीच वाटावं. आता तो चुकला की भाषा बदलली?

हा प्रश्न नुसता म्हाताऱ्यांच्या कुरकुरीचा नाही, कारण आता पोरांना वाचायला शिकवणारी ॲप्स आलीत जी पोराचं वाचन ऐकून चूक सांगतात. कल्पना जुनी आहे, कार्नेगी मेलनमध्येच १९९० च्या दशकात जॅक मॉस्टो यांनी प्रोजेक्ट लिसन म्हणून हे सुरू केलं, पोर कॉम्प्युटरसमोर मोठ्याने गोष्ट वाचतं, अडलं की कॉम्प्युटर तो शब्द म्हणून दाखवतो. आपल्याकडे गुगलने २०१९ मध्ये बोलो नावाने हिंदीसाठी काढलं, पुढे ते रीड अलाँग झालं आणि मराठी पण आली. मला ही गोष्ट मनापासून आवडते, ज्या घरात वाचून घ्यायला कुणाला वेळ नाही तिथे हे ऐकणारं कुणीतरी आहे, रागावत नाही, शंभरदा ऐकतं. पण यात एक मेख आहे. मशीनला चूक आणि वेगळी बोली यातला फरक कसा कळणार? त्याने ज्यांचं ऐकलं ते बरोबर, बाकी सगळे चूक. २०२० मध्ये अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांची ऐकणारी मशिनं तपासली, गोऱ्या लोकांच्या बोलण्यात १०० शब्दांमागे सरासरी १९ चुका निघाल्या, काळ्या लोकांच्या ३५. मशीन कुणाचा द्वेष करत नव्हतं, त्याने त्यांना पुरेसं ऐकलंच नव्हतं. पण पोरासमोर लाल खूण आली की पोराला हे कोण समजावणार, त्याला वाटतं आपण ढ.

उपाय एकच दिसतो, सगळ्या तऱ्हेचं बोलणं ऐकवा. मोझिलाचं कॉमन व्हॉइस २०१७ पासून लोकांकडून आवाज गोळा करतंय, सरकारच्या भाषिणी या भारतीय भाषांच्या प्रकल्पाचं भाषादान आहे, आयआयटी मद्रासची एआय४भारत नावाची टीम भारतीय भाषांवर काम करतेय. मदत करायची असेल तर पुष्कळदा स्क्रीनवर एक वाक्य येतं, ते वाचून रेकॉर्ड करायचं असतं.

मला वाटलं आपण आधी घरात ट्राय करू. मी आत्याला पेपरातली एक बातमी दिली आणि माइक लावून वाचायला सांगितलं. तिने नाकावर चष्मा ठेवून, पूर्वी शाळेत शिकवायची त्या आवाजात, एकेक शब्द तोडून वाचली. फोनने जवळजवळ सगळं बरोबर लिहिलं. मी खूश. मग म्हटलं, आत्या, आता हीच बातमी मला तुझ्या शब्दांत सांग. तिने चष्मा काढला आणि सुरू झाली, "अरे काही नाही रे, ते रोडचं काम बंद करून राहिले, पैसा संपला म्हणे, कुणाचा संपला विचारा त्यांना, आणि तो पुलाजवळचा गड्ढा, तो तसाच, मागच्या वर्षी तुझे काका असते तर…" फोनने त्यातलं "काही नाही" बरोबर लिहिलं, "काका" बरोबर लिहिलं, आणि मधल्या जागेत एक असं वाक्य लिहिलं जे कुठल्याच भाषेत नव्हतं.

मी तिला दोन्ही कागदांवर उतरवून दाखवले, एक वाचलेलं, एक बोललेलं. तिने पहिला बाजूला ठेवला. दुसरा बराच वेळ वाचत बसली, मग पेन मागितलं आणि समासात बारीक अक्षरात एकेक शब्द दुरुस्त करायला लागली, सब्जीवाली आली की तिला थांबव म्हणाली, हे होऊ दे आधी.